उन्हाने दाबलेला ब्रेक

ज्या उन्हाळ्यात धनंजयने घरच्या घरी गाडीचं स्टिअरिंग बनवलं, त्या उन्हाळ्यात त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, कारण सांगावंसंही वाटलं नव्हतं.

पुलगावच्या एका खासगी आयटीआयमध्ये तो इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. दोन हजार तीन साली त्या ट्रेडला मुलंच आली नाहीत, म्हणून संस्थेने त्याला वेल्डिंगच्या मुलांची हजेरी घ्यायला बसवलं. तो बसला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. लोक आधी त्याबद्दल विचारायचे, मग सल्ले द्यायचे, आणि आताशा विषय निघाला की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. धनंजयला तिन्ही सारखंच. तोही कॅलेंडरकडे बघायचा.

आयटीआयने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्याने घरी आणला होता. त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक गेम होता. जॉयस्टिक हातात धरून खेळलं की गाडी सरळ रस्त्यावरही थरथरायची. जॉयस्टिकच्या आतला व्हॉल्यूम, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तसा कार्बनचा भाग, झिजला होता. जुन्या रेडिओचं बटण फिरवताना जी खरखर येते, तीच इथे गाडीच्या चाकांना सुटली होती. दुसऱ्या कोणी नवी जॉयस्टिक आणली असती. धनंजयने विचार केला, की झिजणारी वस्तूच कशाला? प्रकाश झिजत नाही.

सीडी आल्यापासून लोक व्हीसीआर भंगारात देत होते. टेप संपली हे ओळखायला प्रत्येक व्हीसीआरच्या पोटात एक दिवा आणि दोन डोळे असतात. दिव्याचा उजेड माणसाला दिसत नाही, त्या डोळ्यांना दिसतो. धनंजयने असे दिवे-डोळे गोळा केले. भंगारवाल्याकडूनच एका मेटाडोरचं स्टिअरिंग आणि पेडलं मिळाली. योजना सोपी होती. वर दिवा, खाली डोळा, आणि मध्ये पेडलाला जोडलेली एक पट्टी. पट्टीत त्रिकोणी खाच. पेडल दाबलं की पट्टी सरकणार, खाच रुंद होत जाणार, डोळ्यावर जास्त उजेड पडणार. जेवढा उजेड, तेवढा ब्रेक. उजेड नाही, तर ब्रेक नाही.

पट्टीसाठी त्याने लग्नाच्या फोटोंच्या निगेटिव्ह काढल्या. रोलच्या टोकाला जी काळी शेपटी उरते ती कापून लावली. माणसाच्या डोळ्याला मिट्ट काळी. सेन्सरला मात्र ती दिसलीच नाही. उघड्या खिडकीतून बघावं तसा तो तिच्या आरपार बघत राहिला, आणि धनंजय दोन दिवस सोल्डरिंग तपासत बसला.

"म्हणजे आपल्या लग्नातलं काहीच कामाले आलं नाई म्हणा," त्याची बायको छाया म्हणाली.

शेवटी गोडेतेलाच्या पिप्याचा पत्रा कापला. तो चालला.

आणखी एक खोड राहिली. समोरच्या खोलीवर पत्र्याच्या टिना होत्या, आणि एका टिनेचा खिळा निघून गेल्यामुळे तिथून उन्हाचा रुपयाएवढा कवडसा आत यायचा. सकाळी तो दारामागे असायचा, दुपारी जेवणाच्या वेळेला कपाटाखाली, आणि चहाच्या वेळेला नेमका ब्रेकच्या डोळ्यावर. डोळ्याला दिव्याचा उजेड काय आणि उन्हाचा काय, दोन्ही सारखेच. रोज चहाच्या वेळेला पडद्यावरची गाडी भर रस्त्यात आपोआप ब्रेक लावून उभी राहायची. कवडसा पुढे सरकला की चालू लागायची. छाया कप घेऊन आत आली की आधी पडद्याकडे बघायची.

"लागला का उन्हाचा ब्रेक?"

"लागला."

भोकाला डांबर लावायचं होतं. राहून गेलं.

घरात तिसरा माणूस म्हणजे धनंजयचा थोरला भाऊ रूपराव. अर्धं आयुष्य ट्रक चालवून झाल्यावर तो गावाबाहेरच्या एका इंग्रजी शाळेची बस चालवायचा. बायको वारलेली, मुलगी हिंगणघाटला दिलेली. छायाचा तो भासरा. भासऱ्याशी भावजयीने समोरासमोर बोलायचं नाही, ही त्यांच्या घराण्यातली रीत. शेत सोडून पुलगावला आले तेव्हा ती भांड्याकुंड्यांबरोबर आली असावी. आई होती तोवर आई ती पाळून घ्यायची. आई गेल्यावर रीत मोडायची कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळे छाया आणि रूपराव एकमेकांपासून हातभर अंतरावर असले, तरी बोलणं धनंजयमार्फत जायचं.

"धन्या, तिले सांग, भाजीत मीठच नाई."

"त्यायले सांगा, बीपीवाल्यायच्या भाजीत तेवढंच राह्यते."

मध्ये बसून जेवणारा धनंजय घास गिळून म्हणायचा, "भाऊ, छाया म्हणते, उद्या पाहीन."

दोघांनीही मूळ वाक्य ऐकलेलं असायचं आणि धनंजयने मऊ केलेलंही. पण दोघंही मऊ वाक्यच खरं धरायची. घर शांततेत चाललं होतं.

मे महिन्यात एका दुपारी रूपराव बाजारातून कलिंगड घेऊन आला. ओसरीवर कलिंगड ठेवलं, माठातलं पाणी प्याला आणि खाटेवर बसला. छाया त्याच्या पायांकडे बघत उभी राहिली.

"अहो," ती आतल्या खोलीकडे बघून म्हणाली, "त्यायले विचारा, दुसरी चप्पल कुठी हाये?"

रूपरावने खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय उघडा होता.

"असंन रस्त्यात," तो म्हणाला. "निसटली असंन."

बाजारापासून घरापर्यंतचा डांबरी रस्ता त्या दिवसांत असा तापायचा की कुत्री नालीतून चालायची. धनंजयने भावाचा पाय उचलून पाहिला. तळव्याला फोड आले होते, एक फुटलाही होता.

"भाऊ, दुखत नाई?"

"नाई ना." रूपराव स्वतःच्या तळव्याकडे शेजाऱ्याची वस्तू बघावी तसा बघत होता. "पक्की चामडी हाये बापा. ट्रकवाल्याची."

वर्ध्याच्या डॉक्टरांनी तळव्याला एक नायलॉनचा तंतू टोचत टोचत विचारलं, "इथे कळतं? इथे?" रूपराव डोळे मिटून "कळते" म्हणत होता. तंतू लागत नव्हता तेव्हाही म्हणत होता. साखर खूप वाढली आहे, पायाच्या नसा गेल्या आहेत, अनवाणी चालायचं नाही, रोज तळवे बघायचे, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"काम काय करता?"

"शेती," रूपराव म्हणाला.

शेत विकून सोळा वर्षं झाली होती. डॉक्टरांनी धनंजयकडे पाहिलं. धनंजयने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्यावर किडनीचं चित्र होतं.

घरी आल्यावर छायाने विचारलं, "गाडी चालवाले काय म्हणलं?"

"काही म्हणले नाई."

"तुमी विचारलं?"

"विचारलं नाई म्हणूनच काही म्हणले नाई."

जूनच्या शेवटी शाळा उघडणार होती. बसमध्ये साठ-पासष्ट लेकरं असायची, त्यातली बालवाडीची चिल्लीपिल्ली रूपरावच्या सीटमागेच दाटीने बसायची. हे छायाला माहीत होतं, धनंजयला माहीत होतं आणि रूपरावलाही. त्या घरात माहीत असणं आणि बोलणं ही दोन वेगळी खाती होती.

पायाला पट्टी असल्यामुळे रूपरावला बाहेर जाता येईना. तो समोरच्या खोलीत खाटेवर बसून धनंजयची खटपट बघू लागला.

"अबे, हे खेळणं कोणासाठी बनवून राह्यला?"

विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो कॅलेंडरकडे वळला.

"माह्यासाठी," धनंजय म्हणाला.

"मंग ब्रेक तरी धड कर. हा ब्रेक हाये का हार्मोनियम? जरासा दाबला की गेला आत. ब्रेकले दम पाह्यजे."

धनंजयने पेडलाखाली ट्रकच्या ट्यूबचे रबर घडी करून बसवले. रूपरावने हाताने दाबून पाहिलं आणि मान डोलावली. मग बाजूला झाला नाही.

"सरक. खरी लय चालवली, आता खोटी पाहू."

सरळ रस्त्यावर तो सुरेख चालवायचा. पडद्यावर परदेशातला समुद्रकाठचा रस्ता, पण रूपराव देवळीच्या वळणावर असल्यासारखा खांदा किंचित तिरपा करून, एका हाताने स्टिअरिंग धरून बसायचा. समोरून काही येत नसतानाही डाव्या बाजूने चालायचा. पहिलं वळण आलं. गाडी जोरात भिंतीवर गेली.

"तुहा ब्रेक लागत नाई."

परत सुरू केली. परत भिंत.

"अबे, पूरा दाबून राह्यलो मी!"

धनंजयने गेम बंद करून पडद्यावर तपासणीची खिडकी उघडली. तिच्यात दोन उभ्या पट्ट्या असतात. ब्रेक दाबला की लाल वर चढते, ॲक्सिलरेटर दाबला की हिरवी.

"भाऊ, समोर पाह्य. खाली पाहू नको. आता ब्रेक दाब."

हिरवी पट्टी वर गेली.

"दाबला?"

"पूरा."

हिरवी पट्टी टोकाला होती. लाल तळाशी होती. धनंजय वाकून बघू शकला असता, पण गरज नव्हती. पडद्यावरची पट्टी सांगत होती.

रूपरावने पडद्याकडे पाहिलं. लाल म्हणजे काय आणि हिरवी म्हणजे काय, हे त्याला धनंजयनेच आदल्या दिवशी समजावलं होतं. त्याने पाय उचलून खाटेवर ठेवला आणि तळव्याच्या मलमपट्टीचं सुटलेलं चिकट टोक परत चिकटवलं.

"ऊन पडलं असंन तुह्या त्या डोळ्यावर," तो म्हणाला.

उन्हाबद्दल धनंजयला सगळं माहीत होतं. ऊन पडलं तर उजेड वाढतो. उजेड वाढला तर ब्रेक लागतो. ऊन ब्रेक दाबू शकत होतं, पण दाबलेला ब्रेक सोडवू शकत नव्हतं. शिवाय कवडसा त्या वेळी कपाटाखाली होता, दोघांच्याही डोळ्यांसमोर.

"असंन," धनंजय म्हणाला. "ऊनच असंन."

दारात पाण्याचा तांब्या घेऊन छाया उभी होती. तिने कपाटाखाली पाहिलं, मग नवऱ्याकडे. तांब्या ठेवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी धनंजयने दुरुस्ती केली. पत्र्याची खाच कानशीने घासून एवढी रुंद केली की पेडल केसभर हललं तरी लाल पट्टी थेट टोकाला. ॲक्सिलरेटर वीतभर उजवीकडे सरकवला. आता रूपरावच्या पायाची किनार कुठेही टेकली तरी ब्रेक लागायचा. गाडी वळणापाशी आज्ञाधारकपणे थांबू लागली.

"हं," रूपराव म्हणाला. "आता झाला बरोबर. पह्यले तुहा ब्रेकच खराब होता."

"होता," धनंजय म्हणाला.

रात्रीच्या भाकरी थापताना छायाने विचारलं, "काय केलं तुमी त्याले?"

"सेन्सिटिव्हिटी वाढवली."

"मंग शाळेच्या बसचीही वाढवून द्या."

भाकरी फुगली, तिने उलटली.

"तुमी बोला त्यायच्याशी. सख्खा भाऊ हाये तुमचा."

"बोलतो."

"कवा?"

"पाहू."

तो बोललाही. जेवताना म्हणाला, "भाऊ, जरा जपून." रूपराव म्हणाला, "जपूनच चालवतो." धनंजयच्या मनात जे वाक्य होतं ते बरंच लांब होतं. पण इतकी वर्षं वाक्यं मऊ करून करून हाताला असा सराव झाला होता, की मऊ करता करता त्यातलं एवढंच उरलं. आपल्याला अपराधी वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही. त्याने ताक मागितलं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी रूपरावने बस घरासमोर आणून उभी केली. सुट्टीत ती उभी असायची त्या मैदानातून, चारशे पावलंही नसतील तेवढ्या अंतरावरून, रिकाम्या रस्त्याने, बेतानेच आणली. तरी गेटजवळचा छायाचा तुळशीचा डबा चेपला. "कोणं ठेवला मधात?" असं त्याने बसला विचारलं. मग बस धुतली, बोनेटला कण्हेरीचा हार घातला, लिंबू-मिरची बांधली आणि हात पुसत आत आला. पायाची पट्टी आता काढली होती. नवी चप्पल होती, मागे पट्टा असलेली, म्हणजे हरवणार नाही.

"चाल धन्या, लाव तुही गाडी. उद्यापासून टाइम नाई भेटाचा."

तो बसला. गाडी समुद्राच्या कडेने निघाली. पहिलं वळण आलं, गाडी थांबली. दुसरं आलं, थांबली. रूपराव खुशीत होता. लहानपणी गोट्या जिंकल्यावर करायचा तसा जिभेने टाळूवर टक्-टक् आवाज करत होता. तिसऱ्या वळणाच्या आधी, नुसत्या सरळ रस्त्यावर, गाडी हळूहळू मंद झाली आणि उभी राहिली.

"पाह्य," रूपराव म्हणाला. "कशी अलगद उभी केली. म्हातारी माणसं बसली असती तरी कळलं नसतं."

छाया चहा घेऊन आली होती. तिने सवयीने आधी पडद्याकडे पाहिलं. मग खाली. कवडसा ब्रेकच्या डोळ्यावर होता, आणि रूपरावचा उजवा पाय पेडलांच्या अलीकडे, फरशीवर होता. पूर्ण ताकदीने दाबलेला. पोटरीची शीर तटतटली होती.

"अहो," ती म्हणाली, "त्यायले सांगा, पाय पाहाले."

धनंजयने ऐकलं. रूपरावनेही ऐकलं, पण निरोप अजून आला नव्हता, म्हणून तो समोर बघत राहिला. धनंजयच्या मनात वाक्य तयार होऊ लागलं. 'भाऊ, चहा आला, जरा पाय मोकळे कर.' चांगलं वाक्य होतं. त्यात पाय होता.

तो तेही बोलला नाही.

छायाने कप कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवले. डोक्यावरचा पदर नीट केला, की काढला, हे धनंजयला नंतर आठवेना.

"भाऊजी," ती म्हणाली. "तुमचा पाय कुठी हाये?"

रूपरावने तिच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्याने तिच्या तोंडाकडे एवढा वेळ पाहिलं नसेल.

"ब्रेकवर," तो तिला म्हणाला.

"खाली पाहा."

त्याने खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पाय काढला नाही. पायाला न सांगता तो काढता येतो का, हे तपासत असल्यासारखा बसून राहिला.

"मंग गाडी कोणं थांबवली?"

"उन्हानं," छाया म्हणाली. "रोज चहाच्या वेळेले थांबवते. यायले माहीत हाये."

रूपरावने धनंजयकडे पाहिलं. या वेळी धनंजयने कॅलेंडरकडे पाहिलं नाही. पाहावंसं वाटलं, मान वळली नाही.

"कवापासून माहीत हाये तुले?"

"चप्पल हरपली तवापासून," धनंजय म्हणाला.

रूपरावने दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय उचलला आणि ब्रेकवर ठेवला. मग परत फरशीवर. परत ब्रेकवर. तिन्ही वेळा डोळे मिटले होते. मग डोळे उघडून चहा घेतला, बशीत ओतून, फुंकून प्याला. शेवटच्या घोटानंतर खिशातून बसची चावी काढली आणि बशीत ठेवली.

"धन्या, हे हेडमास्तरीणबाईले देऊन ये."

"काय सांगू?"

"जे हाये ते सांगजो. तुह्यावानी नको सांगू."

शाळेपर्यंतच्या रस्त्यात धनंजयच्या डोक्यात वाक्यं आपोआप येत राहिली. 'भावाची तब्येत जरा नरम आहे.' 'आठ-पंधरा दिवस दुसरी सोय बघा.' सायकल चालवता चालवता ती येत होती, आणि प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा चांगलं होतं. हेडमास्तरीणबाई नव्या वर्गांच्या दारांवर पाट्या लावून घेत होत्या.

"माझ्या भावाच्या उजव्या पायाला काही कळत नाही," तो म्हणाला. "पाय ब्रेकवर आहे की नाही ते त्याला समजत नाही. तो आता गाडी चालवणार नाही. हे आम्हाला मे महिन्यापासून माहीत होतं."

बाईंनी शेवटचं वाक्य ऐकून खिळा खाली ठेवला. त्या पुढे जे बोलल्या ते बरंच होतं आणि त्यात मऊ काही नव्हतं. धनंजय उभं राहून ऐकत होता. मध्ये कुठेतरी त्याचे कान गरम झाले. बऱ्याच महिन्यांनी झाले म्हणून त्याने हात लावून पाहिला.

तो घरी आला तेव्हा दोघं जेवायला बसली होती.

"छाया, भाजीत मीठ नाई," रूपराव म्हणाला.

"नाईच टाकलं. आता तर साखरही हाये तुमाले."

"मंग खाव काय माणसानं?"

"पालक."

धनंजयने स्वतःचं ताट वाढून घेतलं. त्याला कोणी काही सांगायला सांगितलं नाही.

सकाळी बस नवा ड्रायव्हर घेऊन गेला. पोरगेलासा होता, आल्या आल्या त्याने हॉर्न दोनदा वाजवून पाहिला. थोड्या वेळाने ती भरून परत घरावरून गेली. खिडक्यांतून लेकरं "रूपरावकाका" म्हणून ओरडली, एकाने पाण्याची बाटली हलवली. रूपराव ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. त्याने हात वर केला. गेटाच्या पुढे वळण आहे, तिथे बस जरा जास्तच वेगाने गेली, तशी त्याची पोटरी ताठ झाली आणि उजवा पाय, मागे पट्टा असलेल्या चप्पलेसकट, ओसरीच्या फरशीवर दाबला गेला.

बस वळली आणि दिसेनाशी झाली. पाय तसाच होता.

"भाऊ," दारातून धनंजय म्हणाला, "गेली ती. पाय काढ."

रूपरावने खाली बघून पाय काढला.